जागा तुमची, तोंड माझं

डंकावरच्या आक्कांना हळू बोलता यायचं नाही. देवाने घसाच तसा दिला होता असं नव्हे. जन्मभर मिरची कांडपाच्या डंकाशेजारी उभं राहून तो तसा झाला होता. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात आदळत असताना समोरच्या बाईला 'मीठ आणलंस का' एवढं विचारायचं तरी घसा फाडावा लागतो. डंक बंद झाला तरी आक्कांचा आवाज खाली यायचा नाही. त्यांनी नातीच्या कानात सांगितलेलं गुपित शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. मी लग्न होऊन रत्नागिरीकडून इथं आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना घाबरून विचारलं होतं, "समोर भांडण लागलंय का?" सासूबाई म्हणाल्या, "न्हाई ग, आक्का पावण्यांची ख्यालीखुशाली विचारत्यात."

आक्का वारल्या त्याला आता वर्ष होत आलं. ज्यांच्या घरी चटणी पाकिटातून येते त्यांना आक्का म्हणजे काय हे कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करतात. मिरच्या वाळवायच्या, मसाले तळायचे, डबे भरून डंकावर न्यायचे आणि उखळात घातलेला आपला घाणा कुटून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. हा रिवाज आहे. आपली चटणी दुसरीच्या हवाली करून घरी जाणारी बाई आमच्या पेठेत अजून जन्मायची आहे. त्यामुळे चैत्र-वैशाखात आक्कांच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस बायका नाकाला पदर लावून, शिंकत, खोकत, तासन् तास बसलेल्या असायच्या. आणि बसल्या म्हणजे बोलणारच. सरकारपासून मालिकांपर्यंत जगातल्या सगळ्या विषयांचा निकाल तिथं लागायचा, आणि शेवटचा शब्द आक्कांचा.

आक्का लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, घरात कधी अंडंसुद्धा शिरलेलं नाही. पण पेठेत रविवारी शिजणाऱ्या निम्म्या मटणात चटणी आक्कांच्या डंकावरची. माहेर सीमेकडचं, त्यामुळे राग आला की आधी कानडी निघायचं. "सुम्म कुंद्रु!" म्हणजे गप बस, एवढं कानडी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं. आणि मराठी बोलायच्या ती अस्सल कोल्हापुरी बाईसारखी, 'मी येतो, मी जातो' अशी. मला सुरुवातीला हसू यायचं. पुढं माझी मुलगी तसंच बोलायला लागली, तेव्हा मी हसायचं सोडून दिलं.

नव्या यंत्रांवर त्यांचा राग होता असं कुणी म्हणेल तर ते खोटं. त्यांचं यंत्रांशी भांडण होतं, आणि भांडण बरोबरीच्याशीच होतं. पैसे आले की ओरडून सांगणारा तो छोटा डबा एकदा मुलाने दुकानात आणून ठेवला. दोन दिवसांत आक्कांनी तो परत पाठवला. "माझ्या दुकानात दुसरी बाई वरडायची न्हाई," म्हणाल्या. पैसे मात्र फोनवरच घ्यायच्या, सुट्ट्यांची कटकट नाही म्हणून. रेशनच्या केवायसीला जाऊन आल्या त्या दिवशी तर सगळा डंक हसून लोळला होता. "फोन म्हणतंय, डोळं मिचकवा. ह्या वयात परक्या पोराम्होरं डोळा मारायला लावत्यात! आणि मारला तर म्हणतंय, पुन्हा मारा." मी हायस्कुलात शिकवते, आणि दुपारच्या खिचडीचे फोटो रोज फोनवरून वर पाठवायचं काम माझ्याकडे होतं. ते कळल्यावर आक्का मला वरचेवर विचारायच्या, "मास्तरीणबाई, खिचडी पोरांच्या पोटात गेली, का फोनात?"

मालिकांवर त्यांचा विशेष डोळा. "बारा महिने भांडत्यात, एकमेकीच्या दुधात काय काय कालवत्यात, पण ह्या बायका मिरच्या कवा वाळत घालत्यात?" या प्रश्नाचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतींवर एकदा बोलल्या, तेव्हा एका तरुणाने त्यांना सुनावलं, "आक्का, तुमचा डंक काय कमी वाजतोय व्हय?" आक्का म्हणाल्या, "माझ्या डंकातनं शेवटाला चटणी तरी निघती. तुमच्यातनं काय निघतंय?"

सगळंच बरोबर बोलायच्या असं मुळीच नाही. कानात घालायच्या बिनतारी गोळ्यांनी मेंदूतलं पाणी आटतं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि मी भूगोलाची बाई, मला त्यातलं काय कळणार, हेही तितकंच ठाम. चूक दाखवली तर खवळायच्या, मग दुसऱ्या दिवशी मूठभर ताजी चटणी घरी पाठवायच्या. मला त्यांचा हा हेका आवडायचा. स्वतःचं म्हणणं स्वतःच्या नावावर, उभ्या गल्लीत, मोठ्यानं सांगणारी माणसं आता राहिली आहेत कुठं? बाकीचे आम्ही सगळे दुसऱ्यांनी पाठवलेली मतं पुढे ढकलणारे.

आक्का वारल्या त्याच्या आदल्या वर्षी हंगाम नुकताच लागला होता. गल्लीच्या तोंडाशी वॉर्डातल्या एका पुढाऱ्याचा बॅनर लागला. हात जोडलेला फोटो आणि खाली 'तुमचा भाऊ, तुमच्या पाठीशी'. सरकार बायकांच्या खात्यात दरमहा पैसे घालत होतं, त्याचं श्रेय भाऊंनी आपल्याकडे घेतलं होतं. दुपारी डंकावर विषय निघाला. आक्का बोलत होत्या आणि मध्येच वीज गेली. मुसळं जागच्या जागी थांबली, आक्का थांबल्या नाहीत. गल्ली चिडीचूप, आणि त्यात त्यांचा आवाज घुमला.

"पैसे घेतलं की मी! सोडतो व्हय? पण ते सरकारच्या तिजोरीतलं. मी काडेपेटी घेतली तरी कर भरतो. आपलंच आपल्याला देऊन ह्यो कुठला भाऊ? आणि भावानं ओवाळणी घातली म्हणून भनीनं तोंड शिवून बसायचं, आसं कुठल्या पोथीत हाय? पैसे घेतलं, तोंड विकलं न्हाई!"

चहाच्या गाड्यावर कुणीतरी फोन धरला होता. संध्याकाळपर्यंत ते बोलणं गावभर झालं. सगळं नव्हे, मागचंपुढचं कापून 'ह्यो कुठला भाऊ?' एवढंच, हसण्याच्या संगीतासकट. खाली लोकांनी लिहिलं होतं की एवढं आहे तर पैसे परत कर म्हणावं म्हातारीला. 'घेतलं की मी' हे वाक्य कापणाऱ्याने आधीच गिळलं होतं. मला संताप आला. आक्कांनी तो व्हिडिओ माझ्याच फोनवर पाहिला आणि म्हणाल्या, "आवाज ब्येस आलाय. पण माझं निम्मं बोलणं कुणी खाल्लं?"

हल्ली माफी तोंडाने मागून भागत नाही, तिचा व्हिडिओ लागतो. दोन दिवसांनी भाऊंचा उजवा हात, गल्लीतलाच संग्राम, चार पोरं घेऊन डंकावर आला. फोन उभा करायची काठीसुद्धा आणली होती. डंक चालू होता. संग्राम ओरडून म्हणाला, "आक्का, डंक बंद करा, रेकॉर्डिंग करायचंय!" आक्का तिकडून ओरडल्या, "घाणा पडलाय! तुझ्याच आईचा हाय. तिला विचार, बंद करू का?" संग्रामची आई पदराआडून लालबुंद डोळ्यांनी लेकाकडे बघत होती. "खबरदार बंद केला तर!" ती म्हणाली. "माझी चटणी अर्धी ठेवून कसली माफी मागतोस रं? वरीसभर काय भाऊच्या घरी जेवणार हाईस?" तेवढ्यात लवंगी मिरचीचा खकाणा उठला. पोरांना असा ठसका लागला की ती काठी तिथंच टाकून रस्त्यावर पळाली. ती काठी नंतर आक्कांनी ओला पंचा वाळत घालायला वापरली.

आम्ही हसलो, पण गोष्ट हसण्यावारी गेली नाही. डंकाचं शेड आक्कांचं, खालची जागा दुसऱ्याची. जागामालक वाईट माणूस नव्हता. त्याला भाऊंच्या गोटात वजन वाढवायचं होतं, एवढंच. तो स्वतः आला. डंक तेव्हा बंद होता, आम्ही सात-आठजणी बसलो होतो. मालकाची बायकोही आमच्यातच, आपल्या नंबराची वाट बघत.

"आक्का, एका मिनिटाचं काम हाय," मालक म्हणाला. "अनावधानानं बोललो, एवढं म्हणा. पोरं व्हिडिओ टाकत्यात, विषय संपला."

"अनावधानानं म्हंजे?"

"म्हंजे चुकून."

"चुकून न्हाई बोललो. ठरवून बोललो."

मालक जमिनीकडे बघत म्हणाला, "मग हंगाम झाला की जागा मोकळी करून द्या."

मला वाटलं, आता 'सुम्म कुंद्रु' येणार. आक्कांनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "देतो की. जागा तुमची, तोंड माझं. ज्याचं त्यानं घेऊन जायचं." मालकाची बायको खाली मान घालून उठली आणि मिरच्या तशाच घेऊन घरी गेली.

सासूबाईंनी त्या संध्याकाळी त्यांना समजावलं. "शब्दच तर हाय आक्का, म्हणून टाक की." आक्का म्हणाल्या, "शब्दच हाय, तर त्यास्नी एवढा कशाला पायजे?" पण मी निघताना पाहिलं, आक्का डंकाच्या लाकडी चौकटीवर हात ठेवून उभ्या होत्या. नवऱ्याने तो बसवला होता. नवरा गेल्यावर डंकावरच त्यांनी दोन पोरं शिकवली, लेक कोडोलीला दिली. मिरची नसताना आक्कांचे डोळे लाल झालेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

हंगाम त्यांनी पुरा केला. काही घरच्या पुरुषांनी आपल्या बायकांना दुसऱ्या डंकावर पाठवलं, संग्रामच्या आईसारख्या बाकीच्या हलल्या नाहीत. पहिल्या पावसाआधी मिस्त्री आला, डंक उतरवला, उखळं टेम्पोत चढली आणि आक्का लेकीकडे कोडोलीला गेल्या. निघताना गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबवून त्यांनी बॅनरकडे बोट केलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "बघून घे रं, ह्येच ते माझं भाऊ." सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, हे सांगायला नकोच. त्या जागेत आता फोनची कव्हरं विकतात.

पुढच्या चैत्रात कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तरी कोडोलीच्या एसटीत आम्ही अकराजणी मिरच्यांची बोचकी घेऊन भेटलो. सगळी बस शिंकत होती, आणि कंडक्टर हात जोडून म्हणत होता, "मावशी, बोचक्याचं तोंड बांधा, पाया पडतो!" गावाबाहेर पडतानाच्या शेवटच्या स्टॉपवर मालकाची बायको चढली. हातात पिशवी. मग संग्रामची आई सरकली आणि तिनं जागा करून दिली.

लेकीच्या घरामागच्या परड्यात डंक बसवला होता, आणि आक्का त्याच्याशेजारी तशाच उभ्या, पण खूप वाळलेल्या. मी त्यांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं. आम्ही एकेक करून घाणे घातले. मालकाच्या बायकोची पाळी आली तेव्हा आक्कांनी तिची पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. "यव्वा! देठं कोण काढणार, मी? देठासकट घाणा मी घालत न्हाई." मग आम्ही सगळ्याच तिच्याभोवती बसलो आणि देठं मोडायला लागलो.

निम्मी देठं मोडून झाली. मग मालकाची बायको मिरच्यांकडे बघतच म्हणाली, "आक्का, तवा मी तिथंच बसलो हुतो. एक शब्द बोललो न्हाई. ह्यांच्या वतीनं मी माफी मागतो तुमची."

"त्याची माफी तू कशाला मागतीस?" आक्का कडाडल्या. "त्याला तोंड हाय न्हवं? आणि त्याची बी मला नको. माफी घेऊन काय उखळात घालू?"

बाईला रडू फुटलं. तिनं दोन्ही हातांनी डोळे पुसले, आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळून उठली. लवंगीचे हात होते ते. आम्ही नुसत्याच ओरडत राहिलो; उठल्या त्या आक्का. तिची मान एका हाताने धरून त्यांनी तिला नळाखाली वाकवलं, आणि ओंजळी भरभरून तिचे डोळे धूत राहिल्या, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. आणि सगळ्या कोडोलीला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्यावर ओरडत होत्या, "रडायचं आसंल तर आधी हात धुवावं! एवढं बी कळत न्हाई व्हय ग, बाई?"