बारकी बॅटरी

भिमाजीला घाटाची भीती वाटत नसे, आडव्या येणाऱ्या ट्रकची वाटत नसे, आणि बायकोची वाटते असं तो चारचौघांत सांगे ते नुसतं हसवायला. तो खरा भ्यायचा करंटला. लहानपणी विहिरीवरच्या मोटारीला तो असा चिकटला होता, की बापाने लाकडी दांडक्याचा तडाखा देऊन सोडवला. पन्नाशी उलटली तरी घरात कुणी बल्ब बदलायला लागलं, की हा गडी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राही.

अशा माणसाच्या वाट्याला अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर चालणारी हायब्रीड गाडी यावी, याला काय म्हणावं!

राहात्याच्या रतनबाईंकडे तो तरुणपणापासून ड्रायव्हर होता. आधी जीप, मग डिझेलच्या गाड्या. मालक वारले, मुलगा पुण्यात स्थिरावला, पण भिमाजी हलला नाही. तो त्यांना मावशी म्हणे. त्या त्याला भिमा म्हणत आणि चिडल्या की भिमाजीराव. मुलाने मोठ्या हौसेने आईला ही लांबडी गाडी घेऊन दिली, तेव्हा शोरूमच्या माणसाने बॉनेट उघडून दाखवलं. "या केशरी वायरी दिसतायत ना? यांत घरच्या लाईटपेक्षा जास्त करंट असतो. यांना हात लावायचा नाही." पुढेही तो बराच वेळ मोठी बॅटरी, छोटी बॅटरी असं काय काय समजावत होता, पण भिमाजीचे कान केशरी वायरीपाशीच बंद झाले होते. त्या दिवसापासून त्याने बॉनेटला हात लावला नाही. पाणी, ऑइल, सगळं सर्व्हिसिंगवाल्यांच्या माथी.

गाडी चालू असून आवाज करत नाही, याचाही त्याला धसका होता. "जिती हाय का मेली हाय, कळतच न्हाई," म्हणायचा.

जन्मभर चुलीपुढे बसून रतनबाईंची छाती खराब झाली होती. आता नाकात नळी आणि पायाशी ऑक्सिजनचा लहान सिलिंडर. तरी शनिशिंगणापूरला जाऊन तेल वाहायचं त्यांनी मनात धरलं होतं, आणि रतनबाईंच्या मनात आलेलं कुणाला मोडता आलं आहे! सून आरती पुण्याहून आली. शनी अमावास्येला तिघं निघाली. एक सिलिंडर मावशींच्या पायाशी, दुसरा भरलेला डिकीत.

शिंगणापुरात गाड्यांना गाड्या लागल्या होत्या. आरती सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून दर्शनाला घेऊन गेली. भिमाजी गाडीत बसला. उकडत होतं, म्हणून त्याने गाडी चालू करायचं बटण दाबलं. पाय ब्रेकवर नव्हता, आणि त्याशिवाय ती पुरती चालू होत नसे. समोरचा पडदा उजळला, पंखा फिरू लागला, आणि त्याला वाटलं, गाडी चालू झाली. खरं तर ती अर्धवटच जागी झाली होती, आणि त्या अर्धवट जागेपणाचा सगळा भार बारक्या बॅटरीवर होता. त्यात ती बॅटरी जुनी झालेली, आणि गाडी महिनाभर दारातच उभी असलेली.

मग त्यालाही तेल वाहायची इच्छा झाली. दुसरीकडे कुठेही तो गाडी बंद करून, कुलूप लावून, वर हँडल दोनदा ओढून बघणारा माणूस. पण जिथे घरांनाही कुलूप नसतं त्या शिंगणापुरात कुलूप लावायचं म्हणजे देवावरच संशय घ्यायचा, असा त्याचा जीपपासूनचा नेम. चावी आतच ठेवायची, दार नुसतं टेकवायचं. त्या नेमाने जीपचं कधी काही बिघडलं नव्हतं. त्याने किल्ली सीटवर टाकली, दार टेकवलं आणि अनवाणी निघून गेला. कुलपाबरोबर गाडी बंद करायचंही राहून गेलं; पंखा फिरतच राहिला.

परत आला तेव्हा पडदा काळा होता. बटण दाबलं, काही नाही. ब्रेक दाबून पुन्हा दाबलं. आत कुठेतरी बारीकसं टिकटिकलं आणि तेही थांबलं.

तेवढ्यात गर्दीतून आरतीची हाक आली. ती खुर्ची जवळजवळ पळवत आणत होती. "भाऊ, डिकी उघडा! रांगेत फार वेळ गेला. सिलिंडरचा काटा लाल पट्टीत आलाय."

भिमाजीने डिकीचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, मग मुठीनेच. डिकीला चावीचं भोकच नव्हतं. मागचं सीट पाडून हात घालावा, तर सीटमागे मोठी बॅटरी बसवलेली, त्यामुळे ते हलत नव्हतं. सिलिंडर हातभर अंतरावर होता आणि त्याच्यापर्यंत पोचायची वाट नव्हती.

रतनबाईंचे ओठ निळसर पडले होते. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. ते त्याला सहन होईना.

समोर तोंडाला तोंड लावून भिमाजीच्या ओळखीतल्या, श्रीगोंद्याच्या बजरंगचा टेम्पो उभा होता. बजरंग उतरून आला. "धक्का मारू या की!"

चौघांनी जोर लावला. गाडी तसूभरही सरकली नाही. चाकं गिअरमध्ये अडकलेली, आणि तो गिअर सोडवायलाही करंटच हवा. कुणी अॅम्ब्युलन्सला फोन केला, ती घोडेगावच्या रस्त्यावर गर्दीत अडकली होती. कुणी सिलिंडर आणायला मोटारसायकल सोनईला पिटाळली. आरतीने गाडीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि भिमाजीच्या कानाशी धरला.

"मी मोनिका बोलतेय. काका, घाबरू नका."

"बाई, पेट्रोल हाय, मोठी बॅटरी भरल्याली हाय. मग मेली कशानं?"

"मोठी बॅटरी गाडी ओढते, काका. पण तिला जागं करते ती बारा व्होल्टची छोटी. छोटी उतरली की मोठी कितीही भरलेली असली तरी कामाची नाही. डिकीचं कुलूपसुद्धा छोटीवरच चालतं. दुसऱ्या गाडीची बॅटरी मिळेल का? मग बॉनेट उघडा."

बॉनेट. भिमाजी एक पाऊल मागे सरला.

बजरंगने तोवर टेम्पोची बॅटरी खोलली होती. त्याच्याकडच्या वायरी तोकड्या, म्हणून ती जड बॅटरी त्याला दोन्ही हातांनी उचलून इंजिनाशी धरावी लागली. धक्का मारणारे बाकीचे अॅम्ब्युलन्सला वाट करून द्यायला धावले होते, आरती सासूबाईंना सोडून हलू शकत नव्हती. वायरींचे चिमटे लावायला उरला एकटा भिमाजी.

त्याने बॉनेट उघडलं. केशरी वायरी समोरच होत्या, जाडजूड.

"लाल टोपण दिसतंय? अधिकची खूण?" स्पीकरवर मोनिका विचारत होती. "तिथे लाल चिमटा. केशरीला हात लावायचा नाही."

"दिसतंय. पर ते केशरी लई जवळ हाय, बाई."

"तुम्ही तिला हात लावू नका, म्हणजे झालं. काळा चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला."

भिमाजीच्या हातून चिमटा दोनदा निसटला. त्याला विहिरीवरचा तो दिवस आठवला, दातांवर दात आपटलेले आठवले. "भिमाजी, लाव ना रं गड्या, माजं हात तुटाय लागलं," बजरंग कण्हला. मागून आरतीचा आवाज आला, "आई, डोळे उघडा. आई!"

त्याने लाल चिमटा लावला. मग डोळे मिटले, शनिदेवाचं नाव घेतलं, आणि काळा चिमटा लोखंडाला टेकवला.

चट्‌कन ठिणगी उडाली. भिमाजी ओरडला, एवढ्या मोठ्याने की पार्किंगमधली माणसं वळून बघू लागली. पण तो चिकटला नव्हता. गाडीत दिवा लागला. मागे धावत जाऊन त्याने बटण दाबलं आणि डिकी खट्‌कन वर आली.

आरतीने सिलिंडर बदलला. काटा वर चढला. रतनबाईंची छाती हलली, मग पुन्हा हलली. या वेळी भिमाजीने ब्रेक दाबून बटण दाबलं आणि गाडी चालू झाल्याची हिरवी खूण उमटेपर्यंत श्वास धरून ठेवला. पोलिसांनी गाड्या हलवून वाट करून दिली.

त्याने गाडी थेट नगरच्या दवाखान्यात नेली. मावशींना आत नेलं, तरी तो स्टिअरिंगशीच बसून राहिला. वॉचमन काचेवर टकटक करून गेला, गाडी काढा म्हणाला. भिमाजीने ऐकलं नाही.

बऱ्याच वेळाने आरती बाहेर आली. "भाऊ, आई बऱ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजी नाही. गाडी बंद करा आणि आत या."

"न्हाई, वैनी. बंद केली आन परत उठलीच न्हाई तर?"

"आता गरज नाही तिची."

"पाय उचलत न्हाई," तो म्हणाला. खरंच उचलत नव्हता. तो ब्रेकवर रोवलेलाच होता.

आरतीने खिडकीतून हात घालून बटण दाबलं. पडदा विझला. तेव्हा भिमाजीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. "मावशीचा जीव मीच घेतला असता, वैनी. गाडी तशीच ठेवून, दार टेकवून गेलो मी."

आरतीने गाडीचं दार उघडलं. मग हळूच म्हणाली, "चला आत. शुद्धीवर आल्यापासून एकच धरून बसल्यात, भिमाचा आज शनिवारचा उपास आहे, त्याला कुणी केळं तरी दिलं का म्हणून."