पंधराचा पिपा

नाही, आचाऱ्यानं तेल चोरलं नाही. कोनी इचारलं नाही, तरी ग्रुपवर मीच सांगून देतो.

आज माह्या बायकोची तेरवी होती. शेवटची पंगत जेवाची बाकी होती अन् पुऱ्याचं तेल सरलं. आचाऱ्यानं पंधरा किलो सांगतलं होतं. जवायानं मेहकरच्या दुकानात नुसता "पंधराचा पिपा द्या" म्हनलं अन् घेऊन आला. आता तोच आचाऱ्याच्या अंगावर गेला.

"घरी किती धाडलं बे? पंधरा किलो होतं."

"पाहुने, मी तेल पेत नाही," म्हनत आचाऱ्यानं झारा खाली ठेवला अन् चप्पल पाहाले लागला. तो गेला असता त तिच्या तेरवीतून लोकं उपाशी उठले असते.

म्या रिकामा पिपा फिरवून वाचला. पंधरा लिटर लिहेल होतं. लिटरभर तेल नऊशे ग्रॅमच्या जरासंच वर भरते. म्हंजे पिप्यात चौदा किलोही नव्हतं. दुकानात पंधरा किलोचे अन् पंधरा लिटरचे, दोन्ही पिपे राह्यते, दिसाले सारखेच.

"जवाईबापू, आधी त्याची माफी मागा, मंग किराण्यातून दोन पाकिटं आना."

त्यानं मागतली. आचाऱ्यानं झारा उचलला. सारे जेवले. पुऱ्या चांगल्या होत्या म्हने. म्याही खाल्ल्या, चव काही समजली नाही.

तुम्ही तेल मांगता तवा किलो सांगता का लिटर? एवढं पाहत जा.

तिच्याबद्दल दोन शब्द लिहा म्हनून फोन करू नका. मी लिहनार नाही.