बारकी सावली

कोरियाकाकूंच्या ओटीवर पाय ठेवला की पाण्याच्या आधी प्रश्न यायचा, "घाम आल्यावर बरं वाटतं का गळून जाया होतं?" पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार असो, कुणाची सुटका नव्हती. बरं वाटतं म्हणणारा थोरल्या सावलीत जायचा, गळून जातं म्हणणारा बारक्या सावलीत. चहात आलं घालायचं की नाही, ते त्यानंतर ठरायचं.

काकू आमच्या शेजारच्या. गाव धसईपासून दोन मैलांवर. नवरा वारल्यावर त्या शहापूरला कामाला गेल्या. तिथे कुठल्याशा कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि कोरियाहून आलेले इंजिनीयर एका भाड्याच्या बंगल्यात राहत होते. नव्वदच्या दशकाची शेवटची चार वर्षं काकूंनी त्यांचा स्वयंपाक केला. त्यातल्या सगळ्यात वयस्क साहेबाचे वडील तिकडे वैद्य होते म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की साहेबाला मराठी येत नव्हतं, काकूंना इंग्रजी येत नव्हतं, आणि मधला ड्रायव्हर दोन्हीकडचं आपल्याला समजेल तसं सांगायचा. साहेबाने एकदा कागदावर चार गोल काढले. दोन मोठे, दोन लहान. प्रत्येक जोडीतला एक कोरा ठेवला आणि एक पेन्सिलीने काळा केला. कोरा म्हणजे ऊन, काळा म्हणजे सावली. माणूस जन्मतो तो या चारांपैकी एक होऊन, आणि मरेपर्यंत तोच राहतो. बांधकाम संपलं, साहेब लोक आपल्या देशी गेले, आणि काकू हे चार गोल घेऊन गावात परत आल्या.

थोरलं ऊन लाखात एक. मान जाड, डोकं भारी, पाय मात्र लटपटे. काकूंना अख्ख्या मुरबाड तालुक्यात असा एकही सापडला नाही. बारकं ऊन म्हणजे छाती रुंद, चालणं भरभर, दहा कामं सुरू करणार आणि एक पुरं करणार नाही. हे माझे बाबा. थोरली सावली म्हणजे पोट सुटलेलं, घामाच्या धारा, आणि एकदा धरलेलं सोडायचं नाही असा हट्ट. ही आई. आणि बारकी सावली म्हणजे हातपाय गार, पचन कच्चं, कडी लावली का हे तीनदा उठून बघणार आणि मनातल्या मनात कुढत बसणार. ती मी. घरातल्या कुणालाच आपलं वर्णन आवडलं नाही, आणि कुणालाच ते खोटं आहे असंही म्हणता येईना.

माझं पोट तेव्हा सारखं दुखायचं. मुरबाडचे वैद्य म्हणाले, पित्तप्रकृती आहे, ताक द्या. काकू म्हणाल्या, ताक म्हणजे हिला विषच, सुंठ द्या, कोंबडीचा रस्सा द्या, काकडी-कलिंगड बंद. आई वैद्यांच्या बाजूची. त्यामुळे मी घरी ताकाचा पेला हातात घ्यायची, तो परसात ओतायची आणि काकूंकडे जाऊन सुंठीचं पाणी प्यायची. सहा महिन्यांनी दुखणं थांबलं. आई गावभर ताकाचे गुण सांगत सुटली. सुंठीने थांबलं की वयाने थांबलं, हे मला आजही कळलेलं नाही.

काकू कुणाला नावं ठेवत नसत. गावात कुणाचं भांडण झालं की त्या म्हणायच्या, "मानूस वाईट नसतो गो. त्याला चुकीचं खाया घातलेलं असतं." आमच्या चुलत्यांनी बांधावरून आरडाओरडा केला तेव्हाही काकूंनी त्यांच्याकडे वाडगाभर काकडीची कोशिंबीर धाडली होती. चुलत्यांनी ती खाल्ली आणि पुन्हा ओरडले.

मग मला बघायला मुरबाडचे लोक आले. मुलगा एसटीच्या डेपोत कारकून होता. त्याने मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही, अर्धवट सोडलेलं बी.ए. पुरं करायचंय का, एवढंच विचारलं. मला तो आवडला. अगदी मनापासून आवडला, उगाच कशाला लपवू? त्याची आई हात धुवायला मागच्या दारी गेली. तिथे काकू भांडी विसळत होत्या. तिने हळूच विचारलं, मुलीची प्रकृती कशी आहे? बाई तब्येतीचं विचारत होती. पण काकूंना इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी मन लावून उत्तर दिलं, "सावली हाय तिला. बारकी हाय, पन जन्माची हाय, जायची नाय. जपलं तर काय तरास नाय."

आमच्याकडे एखादीला सावली आहे म्हटलं की ती बाहेरची बाधा. दुसरा अर्थच नाही. त्या लोकांनी कांदेपोहे तसेच ठेवले आणि निघाले. नकार आला, आणि त्याचं कारण पंधरा दिवसांनी मध्यस्थाकडून कळलं. तोवर ते धसईच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पुढची दोन स्थळं तर घरापर्यंत आलीच नाहीत. आईने काकूंशी बोलणं टाकलं. रागावले मीही, पण धड रागावताही येईना. काकूंनी खोटं काय सांगितलं होतं? त्या तर हवालदिल होऊन ज्याला त्याला विचारत होत्या, बारक्या सावलीत एवढं वाईट काय आहे? शेवटी बाबांनी त्यांना समजावलं, तेव्हा त्या मटकन खालीच बसल्या.

त्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानापाशी मुलाची आई दिसली. सोबत तिच्या जावा होत्या, मुलगाही होता. मी आणि आई तोंड चुकवून निघालो होतो, तेवढ्यात जत्रेला आलेल्या काकू गर्दीतून तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाधा नव्हे, शरीराचा प्रकार असतो, प्रत्येकात असतो, असं त्या समजावू लागल्या. तुमच्यातही सावली आहे, उलट थोरली आहे, असंही त्यांनी त्या बाईला सांगितलं. ती बाई दोन पावलं मागे सरकली. जावांनी पदर सावरला. आजूबाजूला माणसं जमायला लागली.

काकूंनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले.

"मी खोटं बोलले बाय. पोरीला काय नाय. मला त्यातलं कायबी येत नाय. कोरियावाल्यांकडं मी भांडी घासायची, सैपाक दुसरीच करायची. मोठेपना मिळावा म्हनून मी हे सगळं रचलं."

जावा हसल्या. त्यातली एक म्हणाली, तरी म्हटलं, ही कुठली वैदीण. मुलगा मात्र हसला नाही. महिन्याभराने त्यांचा निरोप आला आणि वैशाखात आमचं लग्न झालं. बी.ए.ही झालं.

त्या दिवसापासून काकूंनी कुणाला काही विचारलं नाही. आल्यागेल्याला सरसकट एकच चहा. लोक त्यांना थापाडी म्हणायचे, मुलं मागून 'कोरिया, कोरिया' ओरडायची. त्या ऐकून घ्यायच्या. मला कधी कधी वाटायचं, खरंच रचलं असेल का सगळं? त्या ड्रायव्हरने काहीतरी सांगितलं असेल, काकूंनी काहीतरी ऐकलं असेल, कोण जाणे.

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेले. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आणि तिचं पोट दुखायला लागलं होतं. तिला मी सासूबाईंकडे मुरबाडलाच ठेवून आले होते. काकूंचा गार हात हातात घेऊन मी विचारलं, "काकू, तिचेही हातपाय गार असतात. तुम्हीच सांगा, तिला काय देऊ?"

त्यांचे डोळे क्षणभर लकाकले. ओठ हलले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"मला काय कळतंय गो त्यातलं? डॉक्टरला दाखव."

त्या वेळी घरात आम्हा दोघींशिवाय कुणीही नव्हतं.