निम्म्या ट्यूबचे साडू

निम्म्यावर थांबण्याची कला अख्ख्या मराठवाड्यात आमच्या साडूंइतकी कुणाला साधली असेल, असं मला वाटत नाही. चहा निम्मा कप, भाकरी निम्मी, पेपरसुद्धा निम्मा वाचून बाकीचा शेजारी धाडायचा. लग्नाच्या पंगतीत पानात जिलेबी पडली रे पडली की ते तिचे दोन भाग करणार आणि एक शेजारच्या पानात सरकवणार. शेजारी ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही. सिडकोतल्या एका लग्नात अशी निम्मी जिलेबी ज्या गृहस्थांच्या पानात गेली ते निघाले नवरदेवाचे मामा, आणि तेही सकाळपासून रुसलेले. मुलीकडच्यांनी समजूत काढायला खास माणूस बसवलाय असं वाटून मामा विरघळले आणि पोटभर जेवले. आमचे साडू ना मुलीकडचे होते ना मुलाकडचे. आम्ही दोघं चुकून शेजारच्या मंगल कार्यालयात शिरलो होतो, हे आम्हाला हात धुताना कळलं.

त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. वैजापूर, गंगापूर, कन्नड, जिथं बदली झाली तिथं लोकांच्या रानात उन्हातान्हात उभं राहून त्यांनी हद्दी कायम करून दिल्या. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले त्यांनी पाहिले आहेत. एकदा मला म्हणाले, "पाहुणे, एवढी रानं मोजली मी, पण आपल्या हिश्शावर खूश असलेला माणूस काय भेटला नाय." त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेली जमीन त्यांनी धाकट्या भावाला कसायला देऊन टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मला हे सगळं थोडं ढोंग वाटायचं. माणसाला स्वतःसाठी काहीच नको असतं, यावर माझा विश्वास बसत नाही. मी स्वतः पुरी जिलेबी खाणारा आहे.

खात्यातून निवृत्त झाले तरी नकाशा काही डोक्यातून गेला नाही. दुखणंसुद्धा ते गावांच्या हिशेबानं सांगत. डोकं म्हणजे दौलताबाद, कारण उंचावर आहे आणि आता तिथं फारसं काही उगवत नाही. मान म्हणजे गंगापूर. कमरेखाली सगळं वैजापूर, आणि तिथला तपशील चारचौघांत विचारायचा नाही. त्यांनी फोनवर "गंगापुरात पुन्हा गडबड झाली" असं सांगितलं की आम्ही समजायचो, साडूंच्या मानेवर केस्तूड उठलं.

हे केस्तूड दर उन्हाळ्याचं. मानेवर जिथं न्हाव्याचा वस्तरा फिरतो आणि वर घामेजलेली कॉलर घासते, तिथं केसांच्या मुळाशी लाल पुळ्या यायच्या, त्यात पू धरायचा, आणि साडू सगळं अंग वळवून मागं बघायला लागायचे. डॉक्टर लावायला मलम द्यायचे, आठवडाभर न चुकता लावा म्हणून सांगायचे. पण तिसऱ्या दिवशी लाली उतरली की साडू ट्यूबचं टोपण घट्ट लावून टाकायचे. "कशाला संपवायची? कुणाच्या तरी कामाला येईल." आणि ती यायचीच. वॉचमनची टाच, समोरच्यांच्या नातवाचा गुडघा, दूधवाल्याचा कोपर, अशी त्या ट्यूबची फिरस्ती चालायची. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आक्का, एकदा वैतागून म्हणाली, "ह्यांची ट्यूब साऱ्या कॉलनीला माहिती हाय. फक्त ह्यांच्या मानेशीच तिची ओळख नाय." महिन्या-दोन महिन्यांत गंगापुरात पुन्हा गडबड व्हायची, कधी ती वैजापूरपर्यंत पोचायची, आणि मग साडू लग्नकार्यात उभ्या उभ्याच आहेर करायचे.

यंदा मात्र वेळ वेगळी होती. त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दोनदा आशा दाखवून देवानं तोंड फिरवल्यावर, तिला मुलगी झाली. दवाखान्यातून बाळ घरी यायचं त्याच सकाळी साडूंच्या मानेवर पुळ्यांची रांग उभी राहिली. मी त्यांना स्कूटरवर घालून औरंगपुऱ्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी मान पाहिली आणि विचारलं, "काका, मागची ट्यूब पूर्ण संपवली होती का?"

"निम्मी."

"आणि उरलेली?"

"ती समाजाच्या कामी गेली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. औषध मध्येच सोडलं की जंतू पुरते मरत नाहीत, उरलेले वाढतात, आणि असं वारंवार झालं की निर्ढावतात. मग साधं मलम त्यांच्यावर चालत नाही. साडूंचा टॉवेल वेगळा, वस्तरा वेगळा, औषध दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि मानेबरोबर नाकपुड्यांच्या आतही लावायचं.

"दुखणं गंगापुरात अन् औषध नाकात?" साडूंनी माझ्याकडं बघून विचारलं.

"हे जंतू पुष्कळदा नाकातच मुक्कामाला असतात, काका. तिथून बाकीकडं फिरतात." मग बाई म्हणाल्या, "घरात तान्हं बाळ आहे ना? तिची कातडी फार नाजूक. तुमची मान पुरती कोरडी होऊन मी बघेपर्यंत तिला हात लावायचा नाही."

परतताना आकाशवाणीच्या सिग्नलला साडूंनी मागून विचारलं, "नुसतं लांबून बघितलं तर चालतंय ना, पाहुणे?"

ते लांबूनच बघत राहिले. लेकीच्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून, मानेला नि नाकाला मलम लावून ते बसायचे. आक्का बाळाला न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, आणि हे बाहेरून सूचना करायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली उतरली आणि नेमकं तेव्हाच समोरचे शेजारी दारात आले. पोराच्या हनुवटीवर फोड आला होता, ती नेहमीची ट्यूब हवी होती. साडू सवयीनं आत गेले आणि ट्यूब घेऊन बाहेर आले. मी तिथंच होतो. उंबऱ्याआतून लेक एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला घ्यायचंय ना हिला?"

साडू उभे राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. उभ्या जन्मात दारी आलेल्या माणसाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "पोराला डॉक्टरला दाखवा. ह्यातलं नाय देता येत." शेजारी "बरं बरं" म्हणत गेले, त्यांना काहीच वाटलं नाही. साडू मात्र रात्री जेवले नाहीत.

ट्यूब त्यांनी संपवली. बाईंनी मान तपासून "आता घ्या नातीला" म्हटलं त्या संध्याकाळी आम्ही सगळे तिथं जमलो. साडू साबणानं हात धुऊन, धुतलेला सदरा घालून पलंगावर मांडी घालून बसले आणि लेकीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. आम्हाला त्यांची रीत माहीत होती. क्षणभर घेतील आणि पुढच्याच्या हातात देतील, म्हणून माझी बायको आधीच पुढं सरकून बसली होती. थोड्या वेळानं तिनं हात पसरले. "द्या दाजी, आता माझ्याकडं."

साडूंनी मान वर केली नाही. "थांब जरा," ते म्हणाले, "माझं झालं नाय अजून."

बायकोनं हात मागं घेतले. हवं असूनही हा माणूस आजवर देत आला होता, आणि त्याला मी इतकी वर्षं ढोंग समजत आलो, याची मला लाज वाटली. बाळ जागं होऊन भुकेनं रडेपर्यंत ते मांडी न हलवता बसून होते.

लेकीची रजा संपत आली होती, त्यामुळं ती बाळाला घेऊन लवकरच पुण्याला गेली. स्टँडवर आम्ही दोघं मायलेकींना बसवून द्यायला गेलो होतो. बस फाटकातून बाहेर पडून दिसेनाशी झाली तरी साडू तिकडंच बघत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लई कमी मिळाली हो ती मला, पाहुणे."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि आम्ही रिक्षा न करता चालतच घरी निघालो.