गाडीखाली वाकणारा माणूस

साजगावच्या कारखान्याबाहेर मी गाडी लावली की तो माणूस हजर व्हायचा. तंबाखू मळत गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि वाकून खाली तेल गळतंय का ते बघायचा. गाडी परदेशी, भारी, पण आधी दोन मालकांनी वापरलेली आणि तीन लाख किलोमीटर पळालेली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि दारातली पहिली गाडीही माझीच. ती बंद पडावी म्हणून गावात कितीजण टपलेत, ते मला ठाऊक आहे. हा त्यांतलाच, किंवा भंगारवाला, असं मी धरून चाललो होतो.

एकदा हटकलंच. "काय हो, रोज काय शोधता?"

"तब्येत बगतो, साहेब. गिअर बदलताना झटका देते का?"

"नाही," मी म्हणालो. देत होती.

"बरं हाय. पन काढायची झाली तर दुसऱ्या कुनाला देऊ नका. माज्याकडं बी अशीच गाडी हाय, गिअरबॉक्स गेलाय. नवा परवडत नाय. तुमची कदी मरते त्याचीच वाट बगतोय."

इतकं तोंडावर! मीही विचारलं, "तुमचं इंजिन कसं आहे?"

मळणारा अंगठा थांबला. "कशाला?" म्हणत त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी मी त्याच्याकडे पाहायचो तसं.

तो अजून येतो, अजून वाकतो. मी मात्र हल्ली गाडी गवतावर लावतो. गवतात गळलेलं तेल दिसत नाही.