पाच हात वाट

माझ्या हातून शेजाऱ्याचा डावा डोळा गेला, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पुढं गावात या गोष्टीची पुष्कळ रूपं झाली. कोणी म्हणायचं कुऱ्हाड मारली, कोणी म्हणायचं खुरपं. जे झालं ते असं झालं.

आमचं गाव आष्टीपासून दीड कोसावर. रान ओढ्याला लागून, काळं, कापसाला चांगलं. तिथं जायला गाडीवाट एकच, ती शेजाऱ्याच्या रानातून, त्याच्या उत्तरेच्या बांधाला धरून. पाच हात रुंद. ती कुठल्या कागदावर नव्हती. दोन्ही घरांच्या आजोबांनी तोंडी ठरवलेली, आणि तशीच चालत आलेली. रझाकारीत ही दोन घरं एकाच गाडीत भांडीकुंडी टाकून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात पळाली होती. परत आल्यावर दोघांनी मिळून एकमेकांची जळकी छपरं शाकारली. हे मला सासूबाईंनी सांगितलं. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारी आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, मी पदर ओढून कपबशी ठेवून यायची. वयानं तो सासऱ्यांच्या बरोबरीचा. मी त्याला मामा म्हणायचे, तो मला सूनबाई.

मग त्यानं विहीर पाडली. पाणी चांगलं लागलं. मिरचीला पाणी न्यायला त्याचा पाट आमच्या वाटेवरून आडवा जायचा आणि आमची गाडी गेली की पाट फुटायचा. तो दिवसातून दोनदा फावडं घेऊन पाट बांधायचा. खरं सांगायचं तर त्याचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. पाटावर एक मोठी फरशी टाकली असती तर प्रश्न मिटला असता. पण फरशी कोणी टाकायची?

"पाट तुझा, फरशी तू टाक," सासरे म्हणाले.

"गाडी तुमची, फोडता तुम्ही. फरशी तुम्ही टाका."

एवढ्यावरून ओट्यावरचा चहा बंद झाला. दिवाळीच्या आधी ज्वारी पेरताना त्यानं वाट नांगरून टाकली. आम्ही वेचणीला चालत गेलो, काही बोललो नाही. कापूस भरायची वेळ आली तेव्हा वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी गाडी परत येत होती. रानाकडं जाताना सासऱ्यांनी आणि आमच्या मालकांनी फांद्या ओढून बाजूला केल्या होत्या. गाडीत कापूस भरून आम्ही निघालो. मी गाडीच्या मागं चालत होते, भाकरीची रिकामी टोपली डोक्यावर. पाटापाशी शेजारी उभा होता. हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा, पातं काढलेला.

"गाडी फिरव," तो मालकांना म्हणाला.

"कुठं फिरवू? ह्या वाटेनं बापजाद्यापासून चालून राह्यलो."

"बापजाद्याच्या टायमाला इथं पाट नव्हता."

सासरे पुढं झाले. म्हणाले, "बाजूला हो. बिलकुल बाजूला हो. मंग बोलू."

त्यानं सासऱ्यांना नाही मारलं, आधी बैलाला मारलं. डाव्या बैलाच्या पुढच्या गुडघ्यावर दांडा बसला. बैल तोंडावर पडला, जू तिरपं झालं, आणि कापसाची गाडी पुढं कलून धुरीवर आली. सासरे बैलाकडं वाकले तेवढ्यात दुसरा दांडा त्यांच्या हातावर आला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. सासरे ओरडले नाहीत. खाली बसले आणि मोडलेल्या हाताकडं दुसऱ्या कोणाचा हात असावा तसं बघत राहिले.

मालकांनी शेजाऱ्याच्या कमरेला मिठी घातली. दोघं पाटात पडले. शेजारी तेव्हा पन्नाशीचा, पण विहीर खणलेला माणूस, अंगात फार जोर. त्यानं मालकांना चिखलात पालथं घातलं, पाठीवर गुडघा दिला आणि मानेला धरून तोंड पाटाच्या पाण्यात दाबलं. पाणी वीतभरच होतं, पण वीतभर पुरतं. मालकांचे पाय माती उकरत होते. पुढं पुढं ते पाय हळू झाले.

बैल पडला तेव्हा जुवाची शिवळ निखळली होती. शिवळ म्हणजे बैलाची मान जुवात अडकवायची लाकडी खुंटी, हातभर लांब, टोकाला निमुळती. ती माझ्या पायाशी होती. मी उचलली आणि मारली. डोक्यावर मारायची होती. त्यानं ऐन वेळी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. टोक डोळ्यात गेलं. हाताला जे जाणवलं ते मी कधी कोणाला सांगितलं नाही, इथंही सांगत नाही.

त्यानं मालकांना सोडलं. दोन्ही हात तोंडावर धरून गुडघ्यावर बसला. बोटांमधून रक्त मिरचीच्या वाफ्यात पडत होतं. मालक कुशीवर होऊन चिखल ओकत होते. मी शिवळ हातात धरून तशीच उभी होते आणि मला अजून मारावंसं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

शेजाऱ्याची बायको विहिरीकडून पळत आली. तिनं नवऱ्याचे हात बाजूला केले, पाहिलं, आणि पदर फाडून डोळ्यावर बांधला. मला वाटलं ती माझ्यावर धावून येईल. ती मालकांना म्हणाली, "ऊठ. गाडी जुंप. तुझा बैल लंगडा झाला, आमचा एक आण. परतूरला आगगाडी गाठायची हाय."

दुसरी गाडी गावातून आणेपर्यंत वेळ गेला असता. म्हणून आमच्याच गाडीला एक बैल आमचा, एक त्यांचा असं जुंपून, त्याच कापसावर दोघांना निजवलं. एका कडेला मोडक्या हाताचे सासरे, दुसऱ्या कडेला फुटक्या डोळ्याचा शेजारी. मधे आम्ही दोघी बायका. मालक हाकत होते, मधूनच खोकत होते. परतूरपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त एकदा गाडी गचक्यानं उसळली, शेजारी कण्हला, तेव्हा सासरे मालकांना म्हणाले, "हळू."

मी स्टेशनावरून परत आले, बाकीचे जालन्याला गेले. तिथल्या दवाखान्यात शेजाऱ्याचा डोळा काढावा लागला. पोलीस जमादारानं विचारलं तेव्हा शेजाऱ्यानं सांगितलं, बैलानं शिंग मारलं. सासऱ्यांनी सांगितलं, गाडीवरून पडलो. आधी काही ठरवलेलं नव्हतं. ठाणं, जबान्या, कोर्ट यांची दोघांनाही एकमेकांपेक्षा जास्त धास्ती होती.

महिन्याभरानं मारुतीच्या पारावर पंच बसले. बायकांना तिथं बसायची रीत नव्हती. मी देवळाच्या भिंतीआड घागर घेऊन उभी राहिले. शेजारी डोक्याला पट्टी बांधून आला होता, सासऱ्यांचा हात फळीत होता. ठरायला वेळ लागला नाही. वाट पाच हात, पहिली होती तिथंच. फरशी आम्ही टाकायची. मिरचीला पाणी चालू असेल तर गाडी थांबवायची. सासरे प्रत्येक गोष्टीला "कबूल" म्हणत होते.

शेवटी शेजारी म्हणाला, "माझं एकच हाय. ती पोरगी माझ्या रानातून जायची न्हाई. ह्यांची गाडी जाऊ द्या, मानसं जाऊ द्या, जनावरं जाऊ द्या. ती न्हाई."

मला वाटलं मालक काहीतरी बोलतील. त्यांचं तोंड पाण्यातून मी सोडवलं होतं.

"कबूल," सासरे म्हणाले.

मी घरी येऊन घागर चुलीपुढं आपटली. सासूबाईंनी थोबाडीत मारली आणि म्हणाल्या, "वाट मिळाली ना? मंग."

तेव्हापासून मी ओढ्याच्या पात्रातून रानात जायची. अर्धा कोस जास्त. उन्हाळ्यात तापलेले दगड, पावसाळ्यात गुडघाभर गढूळ पाणी. माझ्या समोरून आमची गाडी वाटेनं जायची, गाडीत कुत्रं बसलेलं असायचं. तीन वर्षं मी अशी गेले. तिसऱ्या वर्षी, सहावा महिना चालू असताना, डोक्यावर गवताचा भारा घेऊन येताना शेवाळ्यावरून पाय सरकला आणि दगडावर पोटावर पडले. घरी पोचायच्या आधीच लुगडं भिजलं होतं. मुलगा होता. सासऱ्यांनी त्याला बऱ्या हातानं बांधावर पुरलं.

महिन्यानं मी उठले आणि पहिल्या दिवशी वाटेनं निघाले. डोक्यावर भाकरीची टोपली, कमरेला खुरपं. पाटावर आमची फरशी होती. पलीकडं शेजारी काठी घेऊन उभा होता. मी थांबले नाही, तेव्हा तो आडवा आला.

"पंचात काय ठरलं ते ठावं हाय ना?"

"हाय. मला कोनी इचारलं न्हाई."

"माझा डोळा काढताना तू मला इचारल्तं का?"

"न्हाई."

त्यानं काठी हाणली. टोपलीवर बसली. भाकरी, कांदे, चटणीचं गाडगं सगळं फरशीवर पडलं. मानेत कळ गेली. मी खुरपं काढलं आणि फरशीवर टाकून दिलं, त्याच्या पायाशी.

"अजून मारायचं तर मारा, मामा. पर मी ओढ्यातून जायची न्हाई. ओढ्यात माझं एक गेलं."

त्याला ते ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं काठी पुन्हा उचलली, तशीच हवेत धरली.

"ह्या अंगाचं मला दिसत न्हाई," तो म्हणाला आणि डाव्या खोबणीकडं हात केला. "पानी देताना, निंदताना. कोन आलं कळत न्हाई. पाचोळा वाजला की वाटतं तूच आली."

तीन वर्षं मी समजत होते की त्यानं मला शिक्षा केली.

"मंग मी हाक मारत जाईन," मी म्हणाले. "दुरून. दर टायमाला."

तो विहिरीकडं निघून गेला. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. मी भाकरी गोळा केल्या, माती झटकली आणि रानात गेले.

दुसऱ्या दिवसापासून बांधाच्या टोकावरून मी ओरडायची, "मामा, मी हाय. जाते." तो वर बघायचा नाही, उत्तर द्यायचा नाही. पण मी फरशीपाशी येईपर्यंत तो उजवी बाजू माझ्याकडं करून उभा असायचा. पंचांनी काही हरकत घेतली नाही.

हरकत घेतली मालकांनी. ज्यानं बापाचा हात मोडला आणि आपल्याला चिखल खाऊ घातला, त्याला आपली बायको रोज मामा म्हणून हाक मारते, हे त्यांना गावात कोणीतरी हसून ऐकवलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला गोठ्यात बैलाच्या कासऱ्यानं मारलं. "गुपचूप जाता येत न्हाई का तुला?" असं दर फटक्याला विचारत होते. मी म्हणाले, येत नाही. सासऱ्यांनी आत येऊन वाकड्या हातानं त्यांचा कासरा धरला तेव्हा थांबले.

सकाळी माझे ओठ सुजून वर आले होते. बांधाच्या टोकावरून हाक मारली, ती नीट निघाली नाही, नुसता घोगरा आवाज आला. शेजारी दचकून वळला, फावडं दोन्ही हातांनी उचललेलं.

"कोन हाय?"

मी जागीच थांबले आणि पुन्हा एकदा, जमेल तेवढं स्वच्छ, सांगितलं.