न झालेल्या अकरा बैठका

परतवाड्याच्या बसस्टँडवर मला सोडायला आई ड्यूटीवरूनच आली. सेमाडोहच्या पुढं एका आरोग्य उपकेंद्रात ती सिस्टर होती. रजा मिळाली नव्हती, म्हणून पांढऱ्या साडीवरच घाट उतरली. बाबा सागवानी पलंग-कपाटं बनवायचे. त्यांनी माझी बॅग अमरावतीच्या गाडीत चढवली, खिडकीसाठी एकाशी भांडण केलं, "जयभीम, पोरी" म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. पुढं अमरावतीहून पुण्याची ट्रॅव्हल्स धरायची होती. आईच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. खिडकीशी येऊन म्हणाली, "रोज फोन नोको करू. काम शिक. अन् आधी पाहजो, मंग लिहजो."

तिचा तो जुनाच नियम. लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहावं लागे. एकदा ती बाहेरगावी असताना तीन दिवस वीज गेली. परत आल्यावर तिनं ते रकाने कोरे ठेवले आणि लसी परत पाठवल्या. लसीकरणाचा दिवस बुडाला, गावातल्या बाया येऊन ताडताड बोलून गेल्या. "पाह्यलंच नाही, तं लिहू कशी?" एवढंच ती म्हणाली.

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी टेस्टर झाले, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. पहिल्याच आठवड्यात तोंडातून निघालं, "मी चेक करून राहिली ना!" झालं. वर्षभर टीममध्ये माझं नाव 'करून राहिली' पडलं. हसत म्हणायचे, त्यामुळं चिडायचीही सोय नव्हती. मी 'मले'चं 'मला' केलं, आरशासमोर उभं राहून वाक्यं घोटली. आज त्याची लाज वाटते. प्रमाण भाषा बोलल्याची नाही, घाबरून बोलल्याची.

मग कंपनीनं आम्हाला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. विषय होता प्रोसेस इम्प्रूव्हमेंट. शिकवायला राव सर, हैदराबादचे निवृत्त इंजिनिअर. ते म्हणाले, कंपन्यांच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालच्या पायरीवर काम एखाद्या हुशार माणसाच्या जिवावर चालतं, तो आजारी पडला की सगळं ठप्प. वरच्या पायरीवर कामाची रीत ठरलेली असते, ती खरंच पाळली जाते, मोजली जाते आणि चुकली तर बदलली जाते. बाजूचे लोक मोबाइल पाहत होते. मी मात्र ताठ बसले होते. हे तर मी घरात पाहिलेलं होतं!

चुकीच्या मुळाशी जायला पाचदा 'का' विचारायचं, हा दुसऱ्या दिवशीचा सराव. माझी पाळी आली आणि मी विचारलं, "काहून?" सगळा हॉल हसला. सरांनी मला अर्थ विचारला, फळ्यावर तो शब्द वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिला आणि म्हणाले, "अच्छा है. इसमें 'क्यों' से ज़्यादा दम है." त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

चार महिन्यांनी आमचं मूल्यमापन होतं. परदेशी ग्राहकाला कंपनी तिसऱ्या पायरीवर असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. माझे टीमलीड समीर सर माझ्या टेबलापाशी आले. डिझाइन तपासायच्या अकरा बैठका कागदोपत्री हव्या होत्या. एकही झाली नव्हती.

"फॉर्म तयार आहेत," ते म्हणाले. "तू फक्त तारखा टाक आणि सापडलेल्या दोन-दोन चुका लिही. किरकोळ."

"सर, बैठक झालीच नाही तर चुका सापडल्या कुठून?"

"तुमच्याकडे चालत असेल असं रोखठोक बोलणं. इथं टीममध्ये राहायचं तर जुळवून घ्यावं लागतं."

माझा आरशातला सगळा सराव त्या क्षणी गळून पडला. "मी नाही लिहून देत," मी म्हटलं. "तुमाले लिहायचं असंन तं तुमी लिहा, अन् खाली सही तुमची करा."

त्यांनी खरंच ते फॉर्म भरले. मूल्यमापन करणाऱ्या बाईंनी मुलाखतीत फाइल माझ्यापुढं सरकवली आणि विचारलं, "या बैठकांना तुम्ही होतात?" बाहेर काचेपलीकडं समीर सर उभे होते. मी म्हटलं, "नाही. या बैठका झाल्याच नाहीत."

प्रमाणपत्र अडलं. डब्याच्या वेळी टेबलावरची माणसं उठून दुसरीकडं बसू लागली. महिन्याभरात मला प्रोजेक्टवरून काढलं. मी आईला फोन केला आणि हमसून हमसून रडले. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू रडून काहून राहिली? खोटं त्यानं लिहिलं ना? जेवली का?"

पुढच्या वर्षी त्या कंपनीला प्रमाणपत्र मिळालं. तेव्हा मी तिथं नव्हते. बैठका खऱ्या झाल्या की नाही, मला माहीत नाही, आणि माझं खरं ठरलं असं सांगायला माझ्याकडं पुरावा नाही. राव सरांनी मला मदतनीस म्हणून घेतलं. त्यांच्यासोबत फिरत मी शिकवायला शिकले, आणि आता माझे वर्ग मीच घेते.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्यात एक वर्ग घेतला. जिनिंग मिलसाठी सॉफ्टवेअर बनवणारी बारा-पंधरा जणांची कंपनी. मी सवयीनं पुणेरी थाटात सुरू झाले. पुढच्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुमी कोठच्या जी?"

"परतवाड्याची."

"मंग अशा काहून बोलून राहिल्या?"

ते सगळे हसले, मीही हसले. या हसण्यात मी होते. ट्रेनिंगच्या हॉलमधल्या त्या हसण्यात मी नव्हते. दुपारनंतरचा वर्ग वऱ्हाडीत झाला आणि तेव्हापासून पुण्यातलेही वर्ग मी माझ्याच बोलीत घेते. एका कंपनीनं अभिप्रायात लिहिलं, 'प्रशिक्षिकेनं भाषा सुधारावी.' मी उत्तर पाठवलं : कोणता मुद्दा कळला नाही ते कळवा, पुन्हा येऊन समजावते, फुकट. अजून उत्तर आलेलं नाही.

गावाकडच्या लोकांनो, तुम्ही म्हणता, ही तिकडचीच झाली. माझ्यासारखे निघून आलेले म्हणतात, हिला अजून शहर मानवलं नाही. दोघंही माझा पिच्छा सोडा. मी परतवाड्याला जाते तेव्हा पाहुणी म्हणून नाही जात, आणि पुण्यात परवानगी मागून नाही राहत.

आई आता रिटायर झाली. मागच्या महिन्यात माझ्याकडं आली होती. शेजारच्या काकूंनी गोड आवाजात विचारलं, "मग हिनं इथंच राहायचं ठरवलंय, की परत घरी जाणार?"

आईनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "ते तिचं ती पाहीन. ती जिथं जाईन, तिथं घरीच असते."